खर्ज वाकतो तेव्हा

१

सकाळी साडेआठला यू सुमिरा यायची. बापकांचं अंग पुसायची, त्यांना पेज भरवायची, चादर बदलायची आणि साडेदहाला निघून जायची. त्यानंतर दिवसभर घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत खाटेवर माझे वडील, म्हणजे बापक, आणि मागच्या खोलीत सोल्डरच्या धुरात मी.

यू म्हणजे ताई. सुमिरा आमची शेजारीण. साठी उलटली तरी तिच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. "वेनिंग, तारा जोडता जोडता म्हातारी होशील गं," असं ती रोज म्हणायची. मी रोज "झालेच आहे" म्हणायचे. मग ती समाधानाने चहात तीन चमचे साखर घालायची.

हे सगळं घडण्याच्या पाच महिने आधी बापकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत बोलले तर बोलले, पुढे फार आशा धरू नका. तेव्हापासून मी दिवस मोजत होते.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य आवाजात गेलं त्याच्यावर ही वेळ यावी, हे मला सहन होत नव्हतं. तीस वर्षं बापक लग्नामयतांना स्पीकर भाड्याने देत होते. योग्यकर्तातल्या आमच्या गल्लीत बापकांना मानाने पाक दार्मोयो म्हणत, आणि 'पाक दार्मोयोंचे भोंगे' म्हटलं की पोरंसोरंसुद्धा घर दाखवायची. कार्यक्रमाआधी ते माइकसमोर उभे राहायचे, छाती भरून घ्यायचे आणि एका दमात "आऽऽऽ" असा लांब सूर लावायचे. तो संपेपर्यंत त्यांचा माणूस पळत जाऊन चारही भोंगे वाजताहेत ना ते बघून यायचा. आता त्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं. मला त्यांचा आवाज एकदा ऐकायचा होता. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी मॉड्युलर सिंथची मॉड्यूल बनवते. विजेवर आवाज घडवणाऱ्या या वाद्याला पट्ट्या नसतात. एका पेटीत पत्र्याची लहान लहान तोंडं शेजारी शेजारी बसवलेली असतात. कुठल्या भोकातली केबल कुठल्या भोकात जाते यावर काय वाजणार ते ठरतं. मी बनवते ते मॉड्यूल म्हणजे व्हीसीए. सोपं सांगायचं तर आवाजाची तोटी. फरक एवढाच की ती हाताने फिरवत बसावं लागत नाही. दुसरीकडून व्होल्टेज आलं की उघडते, ओसरलं की मिटते. नवशिका तिच्याकडे ढुंकून बघत नाही, त्याला चित्रविचित्र आवाजांची यंत्रं हवी असतात. महिन्याभराने तोच तोंड पाडून येतो आणि आणखी दोन तोट्या मागतो. कारण खरी गंमत आवाजात नसते. कोणाच्या येण्याने कोणाची तोटी उघडावी आणि कोणाच्या येण्याने कोणाची मिटावी, सगळी करामत यात असते.

बापकांसाठी मी हीच करामत केली होती. त्यांच्या उशाशी एक मायक्रोफोन टांगला. त्यात आवाज आला की तो जितका मोठा तितकं व्होल्टेज तयार व्हायचं. ते उलटं करून मी तोटीला दिलं आणि त्या तोटीतून एक खर्ज सोडला. दिवसभर मागच्या खोलीत तो खर्ज मंद घुमत राहायचा. पुढे खाटेवर जरा खुट्ट झालं, बापक कण्हले, की खर्ज खाली जायचा. कान कुठल्याही आवाजाला सरावतो. तो अचानक कमी झाला की मात्र पाठ ताठ होते.

"दोरीला घंटा बांधली असती तर काम झालं असतं," तेगर म्हणाला होता. "पण नाही! बाईसाहेबांना बारा केबली लागतात."

तेगर माझ्याबरोबर मॉड्यूल बनवतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मस म्हणते. या जोडणीला नाव त्यानेच दिलं, 'नुवुन सेवू'. आमच्याकडे बसलेल्या मोठ्या माणसांसमोरून जाताना ताठ जात नाहीत. कमरेत वाकायचं, उजवा हात पुढे खाली धरायचा, नजर जमिनीकडे, आणि 'नुवुन सेवू', म्हणजे माफ करा, असं पुटपुटत हळूच पलीकडे जायचं. बापकांचा आवाज आला की माझा खर्ज अगदी तसाच वाकायचा. मला त्याचं फार कौतुक होतं.

२

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला खर्ज वाकला.

मी सोल्डरची बंदूक ठेवून पुढच्या खोलीत गेले. बापक शांत झोपले होते. पंखा फिरत होता. आभाळ आठवडाभर भरलेलं होतं आणि खोलीत दिवसाही राखेच्या रंगाचा उजेड होता. काही हवं असल्याची खूण नव्हती. मी परत आले.

खर्ज पुन्हा वाकला. थोडा. वर आला. पुन्हा थोडा. वर आला आणि वरच राहिला. मग खूप वेळ खाली गेला, मध्येच हलत, चढत, उतरत.

पंखा असेल. मी जाऊन पंखा बंद केला. घामाने बापकांच्या कपाळावर थेंब आले, पण खर्ज वाकायचा थांबला नाही. पंखा पुन्हा लावला. खिडकी लावून पाहिली. भिंतीवरची पाल हाकलली. ती बिचारी काही बोलत नव्हती, पण मी कोणावर तरी संशय घ्यायलाच हवा होता.

पावणेतीनला ते आपोआप थांबलं.

बुधवारी दोनला पुन्हा सुरू झालं. मी स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले. तोटीच्या पत्र्यावर एक लाल दिवा आहे. तोटी उघडी असली की तो लख्ख असतो, मिटत गेली की मंदावतो. मी त्या दिव्याकडे बघत होते. शेजारच्या घरात कोणी बोलत असलं की भिंतीतून शब्द कळत नाहीत, पण कोण कोणाला रागावतंय, कोण समजूत घालतंय ते कळतं. बोलण्याला एक घडण असते. दिव्याच्या मंदावण्याला ती घडण होती. दोन छोटी. थांबा. पुन्हा तीच दोन छोटी. मग एक लांबलचक. मग बराच वेळ काही नाही.

कोणीतरी हाक मारत होतं, काहीतरी सांगत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

३

मी मूर्ख नाही. मी आधी हेडफोन लावून मायक्रोफोनचा आवाज सरळ ऐकला. पंखा, बापकांचा श्वास, दूरवर मोटरसायकल. बाकी काही नाही. डोळ्यांसमोर दिवा मंदावत होता आणि कानात फक्त पंखा होता.

केबली बदलल्या. पेटीचा वीजपुरवठा वेगळ्या प्लगवर नेला. फोन बाहेर अंगणात ठेवला. शेवटी शुक्रवारी तेगरला बोलावलं. तो येताना केळ्याच्या पानात बांधलेला भात आणि स्वतःच्या घरची तोटी घेऊन आला.

"तुझी तोटी बिघडली आहे," तो दारातूनच म्हणाला. "मी सांगत होतो, तू टाके घाईत घालतेस."

"माझे टाके तुझ्या लग्नापेक्षा जास्त टिकलेत, मस."

"हे लागलं हं मला," तो हसत म्हणाला आणि खाली बसून कामाला लागला.

त्याने त्याची तोटी बसवली. दोनला तीही वाकली. त्याने मायक्रोफोनची केबल काढली. खर्ज सरळ, जराही न हलता घुमत राहिला. केबल घातली, वाकला. काढली, सरळ. असं त्याने सहा वेळा केलं. म्हणजे जे काही होतं ते यंत्रात नव्हतं. पुढच्या खोलीतून येत होतं.

"मेरापी," तेगर म्हणाला. मेरापी म्हणजे आमच्या गावावरचा ज्वालामुखी. "डोंगर पोटात गुरगुरतो ना, तो आवाज इतका खालचा असतो की माणसाला ऐकू येत नाही. तुझ्या मायक्रोफोनला येतो."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसरा चहा दिला. त्याने फोनवर डोंगराची त्या दिवशीची नोंद काढली. त्याचा अंगठा पडद्यावर वरखाली फिरला आणि थांबला.

"काय?"

"आठवडाभर गप्प आहे डोंगर."

पुढच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. खर्ज दोनदा वाकला आणि वर येऊन थांबला. तेगरने भाताचा घास हातातच धरून ठेवला होता.

"वेनिंग," तो हळू म्हणाला, "हे विचारतंय आणि थांबतंय."

४

त्याच्या बोलण्याने मला भीती वाटायला हवी होती. मला मात्र आशा वाटली, आणि आशा वाटली की माझी अक्कल चरायला जाते.

शनिवारी मी दिवा लांब वायरीने पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आणला आणि उंबऱ्यावर बसून एकदा दिव्याकडे, एकदा बापकांकडे बघत राहिले. दोनला ते जागे झाले. डोळे उघडले ते छताकडे नाही, माझ्याकडे नाही, तर खाटेच्या बाजूला ठेवलेल्या वेताच्या खुर्चीकडे. ती खुर्ची भेटायला येणाऱ्यांसाठी होती. पहिल्या महिन्यात खूप येत. आता कोणी येत नसे.

दिवा मंदावला. बापकांचे डोळे खुर्चीवर स्थिर. दिवा लख्ख झाला आणि बापकांचे ओठ हलले.

पाच महिन्यांत ते ओठ पेजेच्या चमच्यापुरते उघडले होते. आता ते काहीतरी बोलू बघत होते. डाव्या हाताची बोटं चादरीवर उठली आणि बसली. मला रडू आलं. मी मनाशी म्हटलं, हे बापकच आहेत. आवाज फुटत नाहीये, पण घशात काहीतरी हलतंय, आपल्या कानांना ऐकू न येणारं, आणि माझी तोटी ते ओळखते. त्यांच्या मुलीने बनवलेली तोटी. मला त्यात देवाची कृपासुद्धा दिसली.

एक गोष्ट मी बघत होते आणि बघत नव्हते. दिवा मंद असायचा, म्हणजे बोलणं चालू असायचं, तेव्हा बापकांचे ओठ मिटलेले असायचे. ते हलायचे ते फक्त मधल्या थांब्यात.

म्हणजे बोलणारे ते नव्हते. ते उत्तर देत होते.

हे वाक्य मी आज लिहिते आहे. त्या शनिवारी मी ते स्वतःला पुरं करू दिलं नाही. सहा महिने भरायला अकरा दिवस उरले होते.

५

माझ्याकडे बापकांच्या आवाजाची एक जुनी टेप होती. कुठल्याशा लग्नात भोंगे तपासतानाची. अठरा सेकंदांचा सलग "आऽऽऽ", मागे भांड्यांचा आवाज आणि एका बाईचं हसणं. मी त्यातला मधला स्वच्छ तुकडा काढला आणि तो न थांबता फिरत राहील असा केला.

आमच्या कामातली ही जुनी युक्ती आहे. एकाच्या बोलण्याची चढउतार दुसऱ्याच्या आवाजाला द्यायची. ढोलाच्या ठोक्याने बासरीची तोटी उघडायची, की बासरी ढोलासारखी बोलते. माझ्या मॉड्यूलला तोट्या दोन. पहिलीतून खर्ज जात होता, आणि मायक्रोफोनचं व्होल्टेज उलटं मिळाल्यामुळे तो वाकत होता. दुसरीत मी बापकांचा "आऽऽऽ" सोडणार होते आणि तिला तेच व्होल्टेज सुलटं देणार होते. म्हणजे खर्ज जिथे वाकतो तिथे बापकांचा आवाज उघडेल. शब्द नसतील, पण बोलण्याची घडण असेल. डॉक्टरांनी बोलण्याचा सराव सांगितला होता. स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना वाट सापडेल, असं मला वाटलं.

हे मी तेगरला फोनवर सांगितलं.

"कोणाचं बोलणं आहे ते कळल्याशिवाय त्याला आवाज कशाला देतेस?"

"बापकांचं आहे. त्यांचं त्यांना परत देते."

"आणि नसलं तर?"

"मग कोणाचं, मस? डोंगर तर गप्प आहे म्हणालास."

"म्हणूनच म्हणतो. मी बुधवारी येतो. तोवर हात लावू नकोस. ऐक माझं एकदा तरी."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि केबल शोधायला लागले.

६

सोमवारी यू सुमिरा गेली तेव्हा आभाळ इतकं उतरलं होतं की मी अकरालाच दिवे लावले. स्पीकर मागच्या खोलीतच ठेवला, नाहीतर त्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून स्वतःलाच ओढत बसला असता. मधलं दार अर्धं लोटलं, आवाज पुढे जाईल इतपत. मग बापकांच्या डोक्यापाशी जाऊन उभी राहिले, खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत. तिथून मागच्या खोलीत जायचं तर खाटेला वळसा घालून खुर्चीसमोरूनच जावं लागतं.

दोन वाजले.

"आ," मागच्या खोलीतून बापकांचा आवाज आला. "आ."

तो त्यांचाच होता, पन्नाशीतला, भरलेल्या छातीचा. मी खाटेचा कठडा धरला. बापकांचे डोळे उघडले होते, कधी नव्हे इतके मोठे.

"आ. आ." थांबा. आणि मग "आऽ आआ आऽऽ आ आआऽ," खालीवर, सरसर, कोणी घाईघाईने काही समजावून सांगावं तसं. आतापर्यंत हे बोलणं मी दिव्यात पाहिलं होतं. ते मला संथ वाटायचं. आवाज मिळाल्यावर ते संथ राहिलं नाही. थांबे लहान व्हायला लागले. आणि ज्या गोष्टीची मला इतकी खात्री होती तीच चुकली. ही बापकांची बोलण्याची ढब नव्हती. बापक वाक्याच्या शेवटी आवाज सोडून द्यायचे. हा शेवटी दाबत होता. आवाज माझ्या वडिलांचा आणि बोलणारा भलताच, हे ऐकणं किती घाण असतं ते मला सांगता येणार नाही.

बापकांचा डावा हात उठला. त्यांनी माझं मनगट धरलं. पाच महिन्यांत त्या हातात इतकी शक्ती नव्हती.

"न्दुक," ते म्हणाले.

लहानपणापासून ते मला न्दुक म्हणतात. आमच्याकडे लाडक्या मुलीला असंच म्हणतात. घोगरा, ओला, जेमतेम आवाज, पण स्पीकरमधला नाही, त्यांच्या तोंडातला. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. मी खाली वाकून त्यांच्या कपाळाला कपाळ लावलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं.

"बापक! बोला ना, आणखी बोला! पाणी हवंय? काय हवंय?"

त्यांनी मान हलवली. नजर खुर्चीवरून न काढता, एकेक अक्षर उचलत ते म्हणाले,

"समोरून... वाकून जात जा. ते बसलेत."

७

मी खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती. वेत मधोमध खाली गेला होता, पण जुनी खुर्ची, तशी जातेच. असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्याच वेळी आठवलं की गेला आठवडाभर मी दिवसातून वीस वेळा त्या खुर्चीसमोरून ताठ मानेने ये-जा करत होते.

मागच्या खोलीतला आवाज आता थांबेच घेत नव्हता. बापकांचे ओठ उत्तरासाठी हलत होते आणि जागा न सापडून मिटत होते. श्वासही तसाच. तो बोलायला लागला की बापकांची छाती अर्ध्यावर थांबायची, आणि तो जरासा थांबला की तेवढ्यात ते घाईने श्वास ओढून घ्यायचे. माझ्या खर्जासारखे ते वाकत होते. मला एवढंच कळलं की ते बंद करायला हवं, आत्ता.

मी मनगट सोडवलं आणि निघाले. खुर्चीपाशी आले आणि वाकले. ठरवून नाही. तीन वर्षांची असताना लागलेली सवय, शरीर आपोआप वाकलं. उजवा हात पुढे, खाली. नजर जमिनीकडे. "नुवुन सेवू," मी म्हटलं.

नजर खाली होती म्हणून मला चटई दिसली. आमच्याकडे खाटेखाली गवताची चटई अंथरलेली असते, पुढे खुर्चीपर्यंत. तिच्यावर खुर्चीसमोर दोन ठिकाणी गवत दबलेलं होतं. शेजारी शेजारी. पुढची टोकं खाटेकडे. मी बघत असताना त्यातल्या एका जागेखालचं गवत आणखी जरा दबलं.

पुढे मी धावले. पेटीपाशी पोहोचले आणि हाताला येईल ती केबल नाही, नेमकी केबल ओढली, हे मला पक्कं आठवतं. दुसऱ्या तोटीला व्होल्टेज देणारी. व्होल्टेज गेलं की तोटी मिटते, हे मी शेकडो लोकांना शिकवलं आहे.

पण माझी तोटी मी तशी बनवली नव्हती. केबल लावलेली नसेल तेव्हा ती पूर्ण उघडी राहील, अशी मी बनवली होती. नवशिक्यांना सोपं जावं म्हणून. नकाशा माझा, टाके माझे. 'केबल नसली की दार उघडं' असं मी माहितीपत्रकात थट्टेने लिहिलंही होतं.

स्पीकरमधून बापकांचा "आऽऽऽऽ" पूर्ण ताकदीने बाहेर पडला. सलग. त्यात चढउतार नव्हता, थांबा नव्हता, श्वास घ्यायला फटच नव्हती. भिंतीवरचा पत्रा थरथरला. बटण समोर होतं, पण हात तिथे पोहोचायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. बटण दाबलं. पेटीवरचे दिवे विझले. स्पीकर गप्प झाला.

मी दार ढकललं. बापकांचं तोंड उघडं होतं, गोल, तो सूर लावताना असायचं तसं. छाती हलत नव्हती. पंख्याच्या वाऱ्याने चादरीचं टोक उडत होतं.

चटईवर गवत अजून दोन ठिकाणी दबलेलं होतं. पुढची टोकं आता माझ्याकडे होती.

"बापक!" मी ओरडले. घशात जोर लागलेला मला कळला. पण आवाज बाहेर येता येता खाली गेला, एखाद्याने हाताने दाबून बसवावा तसा, आणि मला स्वतःलासुद्धा ऐकू आला नाही. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं.

यू सुमिरा आली तेव्हा मी दारात उभी होते आणि माझं तोंड हलत होतं, असं ती सांगते.

८

गल्ली म्हणते, पाक दार्मोयो जाता जाता बोलले. तो "आऽऽऽ" चार घरांपर्यंत ऐकू गेला. "तीस वर्षांपूर्वीसारखा खणखणीत होता गं," असं यू सुमिरा माझे केस विंचरताना रोज सांगते आणि रडते. तिला फार समाधान आहे. मी ते मोडत नाही, आणि मोडायचं म्हटलं तरी मला जमणार नाही.

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. त्यांनी घसा तपासला, घशात काही नाही. सहा महिने वाट बघू, असं ते म्हणाले आणि मग का कोण जाणे माझ्याकडे बघायचं टाळून औषधाची चिठ्ठी लिहीत बसले.

तेगरने पेटी नेली. जाताना म्हणाला, "जे झालं ते लिहून काढ. मी वाचीन, हसणार नाही." म्हणून हे लिहिते आहे. मस, तुझं ऐकायला हवं होतं. बुधवार फक्त दोन दिवसांवर होता.

काल बापकांचा चाळिसावा दिवस झाला. पुढच्या खोलीत चटया अंथरून गल्लीतले पुरुष प्रार्थनेला बसले, भाताचे डबे वाटले. शेवटी घरच्यांनी दोन शब्द बोलायचे असतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त बापकांचं नाव घ्यायचं होतं. त्यांना मातीत ठेवतानाही मला हाक मारता आली नव्हती, तेव्हा काल तरी.

मी तोंड उघडलं. आवाज छातीतून निघाला, घशापर्यंत नीट आला आणि ओठांपाशी येऊन वाकला.

मी काय बनवते ते मला माहीत आहे. एखादा आवाज आपोआप वाकत नसतो. दुसरा कोणी बोलत असला तरच वाकतो, आणि त्याचं बोलून झालं की परत वर येतो. म्हणून मी घाबरत नाही, वाट बघते. बोलणारा कोणीही असो, कधीतरी थांबतोच. तेवढ्यात मी हाक मारीन, एकच शब्द आहे.

आज एक्केचाळीस दिवस झाले. तो अजून थांबलेला नाही.